भाऊसाहेबांच्या रक्तातली भानगड

"पोरापोरींसमोर नर-मादी म्हणता? लाज आहे का काही?" संस्थाचालक भाऊसाहेब येरोजवार भर वर्गात कडाडले. मलेरियाच्या परजीवीचं चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावरून पुसलं आणि जीवशास्त्राच्या उसेंडी मॅडमना बजावलं, "हा धडा आपल्या कॉलेजात शिकवायचा नाही. शिकवाल तर घरी बसाल."

पंधरवड्यात भाऊसाहेबच हुडहुडी भरून अंथरुणाला खिळले. रक्तात मलेरिया निघाला. औषधाने ताप उतरला, तशी उरलेली गोळी त्यांनी बाजूला सारली. "बरा झालो मी. आता कशाला?" कुणाचंच ऐकेनात. शेवटी त्यांच्या बायकोने मॅडमना बोलावून घेतलं.

समाचाराला आलेल्या मंडळींनी बैठक भरली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, ताप उतरला तरी त्या परजीवीचे नर आणि मादी अजून तुमच्या रक्तात फिरताहेत. ही गोळी त्यांच्यासाठी आहे."

"माझ्या रक्तात? एकत्र?"

"एकत्र. पण तुमच्या अंगात त्यांचं जुळत नाही. तुम्हाला डास चावला, की त्याच्या पोटात जुळतं. मग तो डास गावभर ताप वाटत फिरतो."

कुणीतरी खुदकन हसलं. आपल्या परवानगीशिवाय अंगात मुलामुलींचं एकत्र वसतिगृह निघाल्यासारखं भाऊसाहेबांचं तोंड झालं. पाण्याचीही वाट न पाहता त्यांनी गोळी गिळली.

संध्याकाळी त्यांनी प्राचार्यांना फोन लावला. "मॅडमना तो धडा शिकवू द्या. विज्ञान आहे शेवटी." मग घसा खाकरून म्हणाले, "फक्त नर एका तासाला शिकवा आणि मादी दुसऱ्या तासाला."