मधला चौकोन

दवाखान्याच्या भिंतीसाठी गोधडी शिवायची, ही कल्पना शिवणक्लासच्या बाईंचीच. जी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करून येईल, तिनेच आपल्या नावाचा चौकोन जोडायचा. टाळाटाळ करणाऱ्या कितीजणींना बाईंनी हाताला धरून नेलं. तरी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नेमकी मधली जागा रिकामी.

"कसं दिसेल ते! तपासणी काय, पुढच्या आठवड्यात उरकू," म्हणत बाईंनी हातासरशी स्वतःच्या नावाचा चौकोन जोडून टाकला.

चार वर्षांनी त्याच दवाखान्यात बाईंचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हळहळल्या, "बराच पसरलाय हो. कधीच तपासणी केली नव्हती?"



 

"केली होती की!" सोबत आलेली लेक उसळून म्हणाली. "ते बघा ना भिंतीवर, मधोमध आईचंच नाव आहे."