पिसांचा गळ

ऋषिराजनं यूट्यूब बघून घरीच गळ बांधायला घेतले, तशी वडूजच्या त्या आळीतल्या एकाही कोंबड्याला शेपूट उरली नाही. चार पिसं, घासून चकचकीत केलेलं चमच्याचं पातं आणि तंगूसाचा दोरा, एवढ्यावर म्हणे दर्या वाकणार होता! शेजारचा सिकंदर येरळवाडीच्या तलावात मासे धरायचा. "गाठ जरा ढिली वाटती," एवढंच तो बोलला, तर ऋषिराजनं नाक मुरडलं. "तुमी तळ्यातली माणसं. जाळं वडलं, बर्फ टाकला, टेंपो भरला. समुद्र तुमाला काय कळणार रं?"

भर जुलैत गडी गुहागरला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी स्टेटसला पाच किलोचा मासा, त्याच्या तोंडात तोच पिसांचा गळ, आणि दारात ही गर्दी! सिकंदरला तर त्यानं मुद्दाम बोलावणं धाडलं. "बघ, ह्याला म्हणत्यात समुद्राचा मासा. जन्मात बघितला न्हाईस!"

सिकंदर परातीतल्या माशावर वाकला. मोठं डोकं, जाड खवले, वर वळलेला खालचा ओठ. हसू दाबायला त्यानं रुमालानं तोंड पुसलं.

 

"बघितलाय की गड्या. पावसाळ्यात कोकणातल्या होड्या बंद, म्हणून सोमवारी मीच ह्यो तळ्यातला कटला बर्फात घालून गुहागरच्या बाजारात धाडला. ह्यानं समुद्र बघितला आसंल, तर माझ्या टेंपोतनंच."