न विचारता

ऑपरेशनमध्ये गळा गेल्यापासून हेमलताबाईंच्या मनातले शब्द मानेवर बसवलेली यंत्राची चकती बोलून दाखवी. शब्द अचूक येत, पण राग असो की लाड, सूर एकच, सपाट. मिरजेत चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाईंना ते सोसेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातांनी थेरेमिन नावाचं वाद्य जुळवलं. त्याच्या तांब्याच्या दांडीजवळ नुसता हात नेला की सूर चढे, दूर नेला की उतरे. ते त्यांनी सुटी खोकी जोडून केलेल्या सिंथेसायझरला जोडलं आणि चकतीचा आवाज त्यातून फिरवला; आता हात हलेल तसा बोलण्याचाही सूर बदले.

रविवारी सकाळी त्यांनी नवऱ्याला, वसंतरावांना, समोर बसवलं.

"एखादं भजन होऊ दे," ते हौसेने म्हणाले.

बाईंनी हात उचलला.

"माझ्या ऑपरेशनच्या कागदावर मला न विचारता सही केलीत तुम्ही!"

'न विचारता'ला हात दांडीला जवळजवळ भिडलाच. आवाज चिरत वर गेला.

वसंतराव थिजले. "अगं, हे तू दवाखान्यातही म्हणाली होतीस. मला वाटलं, सहजच म्हणालीस."

"सहज नव्हतं."

"तू नाही म्हणशील, याची भीती वाटली गं. चुकलं माझं."

बाईंनी हात हळूहळू मागे घेतला. "नाहीच म्हणणार होते मी," त्या म्हणाल्या, आणि आवाज खर्जात उतरला.

वसंतराव खुर्ची ओढून जवळ आले. त्यांच्या जवळ येण्यानेही दांडीला फरक पडला आणि सूर हलला. बाईंनी त्यांना मागे सरकायला सांगितलं नाही.