रक्ताचं माणूस

बस दरीत कोसळली आणि त्यात शिंप्याचा जोडीदार गेला. दोघांनी सोळा वर्षं संसार केला होता. सकाळी निघताना त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण शिंप्याने दारातच, अंगावरच्या अंगावर टाचून दिलं होतं.

शवागाराच्या दारात रखवालदार आडवा आला.

"तुम्ही त्याचे कोण?"

"एकाच घरात राहतो आम्ही. नवराच म्हणा."

"कायद्याने लग्न झालंय?"

"कायदा करू देत असता तर केलं नसतं का? कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्यासाठी."

"मग बाहेर बसा. ओळख पटवायला रक्ताचं माणूस लागतं."

रक्ताचं माणूस दुपारी उगवलं. मयताचा थोरला भाऊ. धाकट्याचं मन पोरींवर नाही, पोरांवर बसतं हे कळलं, तेव्हा पोराला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. याने त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. 'पुन्हा तोंड पाहणार नाही,' असं बजावलं, आणि शब्दाला जागला.

शिंप्याला बाकावर बसलेलं पाहून तो खेकसला, "अजून इथंच घुटमळतोयस? घरचे आलेत आता. चल, तोंड काळं कर."

आणि छाती काढून आत गेला.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. थोरल्याने मान बाहेर काढली. आवाज एकदम खाली आला होता.



"आत तिघं आहेत. त्यातला आमचा कोणता?"