रुमालाखालचा भाव

“तीन नाही, चार,” उत्तमराव म्हणाला. “चारशे. बोटं मोजून दाबले होते मी, इंद्रभानभाऊ.”

इंद्रभाननं हातातल्या नोटांकडे पाहिलं. तीनशेच काढले होते. खामगावच्या बैलबाजारात भावावरून आवाज चढवायची रीत नव्हती. सौदा रुमालाखाली व्हायचा. विकणाऱ्यानं घेणाऱ्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितके शंभर, आणि घेणाऱ्यानं मान हलवली की झालं. तोंडानं आकडा काढायचा नाही, म्हणजे शेजारच्याला सुगावा लागत नाही. इंद्रभाननं मुकाट्यानं आणखी शंभर दिले. लागोपाठ तिसऱ्या बाजाराला हेच होत होतं.

घरी अंबूबाईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“मुनीम ठेवा म्हणते मी कवाची. आणे जाऊन नवे पैसे आले तवापासून तुमचा हिशोब बिघडला. सारं डोक्यात किती ठेवसान?”

“वीस वर्सं डोक्यातच ठेवला ना धंदा. दोन बैल घ्याचे, दोन इकाचे. त्याले मुनीम कायले?”

“मंग हे शंभर-शंभर कुठी जाऊन राह्यले?”

तो ओट्यावर जाऊन बसला आणि बिडी पेटवली. बिडी तो करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात धरायचा, मूठ वळायचा आणि मुठीतून चिलमीसारखा झुरका घ्यायचा. ही बापाची सवय. बापाचं दुसरंही काही आठवलं. शेवटी शेवटी बाप स्वतःच्या बायकोला विचारायचा, बाई, तू कोनाची? इंद्रभान तर अजून पन्नाशीचाही नव्हता. त्यानं मनातल्या मनात पावकी म्हटली, निमकी म्हटली, एकोणतीसचा पाढा म्हटला. कुठंच अडखळला नाही, तरी भीती जाईना. शब्द फिरवणारा म्हणून बाजारात एकदा नाव झालं, की त्याच्या रुमालाखाली कुणी हात घालणार नव्हतं. आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

जेवताना अंबूबाईचं त्याच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. करंगळीला आतल्या बाजूनं हा एवढा फोड आला होता.

“हे काय झालं?”

“दावं घासलं असन.”

“कवा?”

“काय मालूम.”

एवढंही याच्या ध्यानात राहत नाही, हे तिनं पाहिलं. तिनं फोडावर हळद लावली आणि सांगून टाकलं, “उद्या तुळशीरामजीले बलवा. आता मी ऐकनार नाही.”

तुळशीराम पूर्वी कापसाच्या एका जिनात मुनीम होता, आता घरीच असायचा. महिन्याचे चाळीस रुपये मागितले. दोन बैलांच्या धंद्याला चाळीस रुपयांचा मुनीम! इंद्रभानचा जीव वरखाली झाला, पण नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

तुळशीरामनं चार दिवस बसून जुने सौदे विचारले, लिहिले, ताडून पाहिले. मग चष्मा काढला.

“शेठ, तुमचं डोकं पक्कं आहे. हिशोबात कुठंच चूक नाही.”

“मंग?”

“मंग काय, समोरचे लबाड असतीन. लेखी काही नाही म्हणून फसवून राह्यले तुमाले. आता असं करा. हात रुमालातून निघाला की भाव माझ्या कानात सांगा. मी तिथंच टिपतो. मंग पाहू कोन बदलते ते.”

इंद्रभानला रडूच यायचं बाकी राहिलं. म्हणजे आपण बापावर गेलो नाही. आपलं काही बिघडलेलं नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

पुढच्या बाजाराला जळगाव जामोदकडून म्हातारा कडूबा पांढरा बैल घेऊन आला. कित्येक वर्षं तो इंद्रभानलाच बैल द्यायचा. रुमाल पडला. कडूबानं बोटं धरली. इंद्रभाननं डोळे मिटून सगळं ध्यान हातावर ठेवलं. अंगठ्याजवळचं पहिलं बोट, मधलं, त्याच्या पुढचं. बस्, तिथंच थांबलं. त्यानं मान हलवली, हात काढला आणि मुनीमाच्या कानात सांगितलं, “तीनशे.”

पैसे हातात पडल्यावर कडूबा म्हणाला, “अजून शंभर, भाऊ.”

तुळशीरामनं वही पुढं केली. माणसं गोळा झाली.

“मी भाव तुमच्या हातात देला होता,” कडूबा म्हणाला. “कागदात नाही.”

“हातातलाच कागदात आला,” मुनीम म्हणाला.

“बैलाची आन घेऊन सांगतो, चार बोटं दाबले मी.”

“लिहेल आहे ना, बाबा,” गर्दीतला एकजण म्हणाला. “काऊन खोटं बोलता या वयात?”

कडूबानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या बाजूनं कुणी नव्हतं. त्यानं तीनशे कनवटीला लावले, बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि खाली मान घालून निघून गेला.

इंद्रभान लिंबाखाली टेकला. कित्येक दिवसांनी त्याची छाती भरून आली होती. त्यानं बिडी शिलगावली, मूठ वळली आणि बोलत सुटला.

“मुनीमजी, तुमचे चाळीस रुपये वसूल झाले पाहा. आता त्या उत्तमरावलेही सोडत नाही. अन् घरी गेलो की पयले अंबूले सांगतो, तुहा नवरा काही येडा झाला नाही म्हना.”

तुळशीराम हसत ऐकत होता. मग त्याला कसला तरी वास आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. जवळपास चूल नव्हती, काही जळत नव्हतं. मग त्याची नजर इंद्रभानच्या मुठीवर गेली आणि तो पांढरा पडला.

“शेठ,” तो कसाबसा म्हणाला, “तुमचं बोट जळून राह्यलं.”

“कोन्तं?” इंद्रभाननं विचारलं.