पाहणी

मुख्याध्यापक प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी भोईरबाईंना काशीमीऱ्याच्या एका शाळेची पाहणी करायला पाठवलं. तिथल्या हेडसरांनी खिशातून चावी काढली आणि मोठ्या ऐटीत मुलींच्या टॉयलेटचं कुलूप उघडलं.

"बघा मॅडम, चार वर्षं झाली, एकदम नव्यासारखं आहे."

मागून सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही उद्या पण येणार काय? म्हणजे उद्या पण उघडतील."

भोईरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वापरूच दिलं नाही तर नवं राहीलच की! या पोरी दिवसभर घोटभर पाणी पीत नसतील सर, आणि तुम्ही खिशात चावी घालून मिरवताय?"

"अहो, मुली घाण करतात. तुमच्या शाळेत काय उघडं ठेवता?"

"कुलूप आमच्याकडेही आहे. पण मुलींनी माझ्याकडे येऊन नुसतं मागायचं, त्या क्षणी चावी देते मी!"

परतीच्या बसमध्येही त्यांचा राग उतरला नव्हता. 'या भेटीतून काय शिकलात?' या रकान्यात त्यांनी तावातावाने लिहिलं, 'असा माणूस शाळेच्या प्रमुखपदी बसायच्या लायकीचा नाही.'

तारोडीला दाराशी पोचल्यावर त्यांनी घराच्या चावीसाठी पर्समध्ये हात घातला. हाताला लागली ती लाल फीत बांधलेली दुसरीच चावी. त्यांच्या शाळेतल्या मुलींच्या टॉयलेटची.

प्रशिक्षण सोमवारी सुरू झालं होतं. आज बुधवार होता.