पाठ केलेला नंबर

बोगद्यात थांबलेल्या टॉय ट्रेनमध्ये सगळे चिडीचूप असताना लाडवांच्या डब्याचं झाकण खटकन वाजलं आणि वृंदा दचकली. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडल्यापासून ती अशीच दचकायची. पाठीवर सॅक, आज या हॉस्टेलात, उद्या त्या. लेकीला, इराला मात्र सांगितलं होतं, सहल आहे.

गाडी उजेडात आली. खाली दरीभर धुकं पसरलं होतं. वृंदाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"बाबा शेवटच्या स्टेशनवर येतायत," लाडू खात इरा म्हणाली. "काल हॉस्टेलातल्या ताईच्या फोनवरून मी त्यांना सांगितलं."

"नंबर कुणी दिला?"

"तूच पाठ करून घेतला होतास ना, हरवलो तर लावायला?"

शेवटच्या वळणावर गाडीने शिट्टी दिली. वृंदाने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"आई, आपण हरवलो नव्हतो का?"